पीपीटी तयार करायला शिकताना: खान्देशातील नवशिक्यांसाठी पहिली पायरी

महाविद्यालयातील सेमिनार असो, शेतकरी उत्पादक कंपनीची वार्षिक सभा असो, बचत गटाने बँकेपुढे मांडायचा प्रस्ताव असो किंवा जिल्हा परिषद शाळेतील विज्ञानाचा पाठ असो, जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत आता बोलणाऱ्याला आधी ‘पीपीटी आणली आहे का?’, म्हणजे पडद्यावर दाखवायच्या स्लाइडची फाइल आणली आहे का, असे विचारले जाते. मोबाइल सफाईने हाताळणाऱ्या अनेकांनी संगणकावरचे सादरीकरणाचे सॉफ्टवेअर मात्र कधी उघडलेले नसते, आणि ऐन वेळी कोणाकडून तरी तयार फाइल घेऊन तीच वाचून दाखवण्याची वेळ येते. हा लेख अशा वाचकांसाठी आहे. समजायला सोपे जावे म्हणून सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच उदाहरण घेऊ: यावल-रावेर पट्ट्यातील एका गावात केळी उत्पादकांसमोर ‘केळीच्या बागेसाठी ठिबकाची आखणी’ या विषयावर वीस मिनिटे बोलायचे आहे आणि त्यासाठी स्लाइड तयार करायच्या आहेत.

सॉफ्टवेअर कोणते निवडावे

सर्वांत परिचित सॉफ्टवेअर म्हणजे मायक्रोसॉफ्टचे पॉवरपॉइंट. ते १९८७ मध्ये पहिल्यांदा मॅकिन्टॉश संगणकासाठी बाजारात आले आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ते बनवणारी फोरथॉट ही कंपनी विकत घेतली. त्या काळी त्याचे काम ओव्हरहेड प्रोजेक्टरवर ठेवायच्या पारदर्शक पानांचा मजकूर छापून देण्याचे होते. एका वेळी एक पान दाखवायचे आणि त्यावर बोलायचे ही पद्धत तेथूनच आली आहे. संगणकावर बसवायच्या पूर्ण पॉवरपॉइंटसाठी पैसे मोजावे लागतात. लिबरऑफिस इम्प्रेस हे मात्र पूर्ण मोफत आहे, ते एकदा उतरवून घेतले की इंटरनेटशिवाय चालते आणि जुन्या संगणकावरही बहुधा अडत नाही. गुगल स्लाइड्स हे ब्राउझरमध्ये चालते, केलेले काम आपोआप साठवते आणि दोघातिघांना एकाच फाइलवर काम करू देते. पण गावात नेटवर्क वरचेवर जात असेल, तर केवळ त्याच्यावर विसंबू नये.

माझा सल्ला असा आहे की, जे सॉफ्टवेअर शाळेत, कार्यालयात किंवा घरी आधीपासून आहे त्यावरच शिकावे. तिन्हींची रचना इतकी सारखी आहे की एक नीट आले की दुसऱ्याला फार वेळ लागत नाही. पुढील सूचनांत बटणांची नावे पॉवरपॉइंटमधील आहेत. इतरत्र वेगळे असेल तेथे तसे सांगितले आहे.

पहिली पायरी कागदावर

संगणक सुरू करण्यापूर्वी कागदावर एक वाक्य लिहावे: सभा संपल्यावर ऐकणाऱ्याने कोणती गोष्ट लक्षात ठेवून घरी जावे? आपल्या उदाहरणात ते वाक्य असे होईल: ‘ठिबकाची नळी विकत घेण्याआधी ओळींमधील अंतर ठरवा, कारण खर्च त्यावर ठरतो.’ हे वाक्य हाती आले की कोणती माहिती ठेवायची आणि कोणती गाळायची याचा निवाडा सोपा होतो. केळीचा इतिहास, जळगावच्या केळीला २०१६ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन, करपा रोग, बाजारभाव हे सर्व विषय महत्त्वाचे असले तरी या वीस मिनिटांत त्यांचे काम नाही.

त्यानंतर कागदावर आठ-दहा चौकोन आखावेत आणि प्रत्येक चौकोनात त्या स्लाइडचे शीर्षक लिहावे. शीर्षक ‘प्रस्तावना’ किंवा ‘अंतर’ असे एका शब्दाचे नसावे. ‘ओळींत पाच फूट अंतर ठेवले तर नळी जास्त लागते’ असे पूर्ण विधान असावे. केवळ शीर्षके ओळीने वाचली तरी विषय समजला पाहिजे. ही कसोटी उतरल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण कागदावर एक चौकोन खोडायला क्षणभर लागतो, तर रंग, चित्रे आणि हालचाली घालून सजवलेली स्लाइड काढून टाकायला कोणाचाही हात धजत नाही.

फाइल उघडणे आणि साचा समजून घेणे

पॉवरपॉइंट उघडून ‘ब्लँक प्रेझेंटेशन’ निवडावे. सर्वांत आधी ‘डिझाइन’ या टॅबमधील ‘स्लाइड साइज’ पाहावा. नवी फाइल १६:९ या रुंद आकारात उघडते. सभागृहातील प्रोजेक्टर जुना, ४:३ आकाराचा असेल तर वर-खाली काळे पट्टे दिसतात आणि चित्र लहान होते. कोणता प्रोजेक्टर आहे हे आयोजकांना आधीच विचारून घ्यावे, कारण शेवटी आकार बदलला तर चित्रे आणि मजकूर जागचे हलतात.

त्याच वेळी कंट्रोल-एस दाबून फाइलला नाव द्यावे. नावात विषय आणि तारीख असावी. ‘न्यू प्रेझेंटेशन फायनल’ अशा नावांच्या चार फाइली पेन ड्राइव्हमध्ये झाल्या की खरी कोणती हे ओळखता येत नाही.

पहिल्या स्लाइडवर ठिपक्यांच्या रेघांचे दोन चौकोन दिसतात: एक शीर्षकासाठी, दुसरा उपशीर्षकासाठी. नवशिक्यांनी सर्वांत आधी समजून घ्यायची गोष्ट हीच आहे. हे चौकोन म्हणजे सॉफ्टवेअरने राखून ठेवलेल्या जागा आहेत आणि मजकूर त्यांतच लिहायचा असतो. अनेक जण ते पुसून टाकतात आणि ‘इन्सर्ट’मधून ‘टेक्स्ट बॉक्स’ घेऊन मनाला येईल तेथे लिहितात. पहिल्या दिवशी त्यात काही बिघडलेले दिसत नाही. पण पुढे अक्षराचा आकार किंवा रंग बदलायचा झाला की प्रत्येक बॉक्स वेगळा धरून बदलावा लागतो, शीर्षके एका रेषेत येत नाहीत आणि मजकुराची रूपरेषा दाखवणाऱ्या दृश्यात तो मजकूर दिसतच नाही.

नवी स्लाइड घेण्यासाठी ‘होम’ टॅबमधील ‘न्यू स्लाइड’ या बटणाखालचा छोटा बाण दाबावा. शीर्षक आणि मजकूर, दोन स्तंभ, फक्त शीर्षक, कोरी अशा मांडण्यांची यादी उघडते. आपल्या कागदावरील चौकोनाशी जुळणारी मांडणी निवडावी. कंट्रोल-एम दाबल्यानेही नवी स्लाइड येते आणि कंट्रोल-डी दाबल्याने निवडलेल्या स्लाइडची प्रत तयार होते.

याहून जलद मार्ग ‘व्ह्यू’मधील ‘आउटलाइन व्ह्यू’ हा आहे. त्यात डाव्या बाजूस केवळ मजकूर दिसतो. शीर्षक लिहून एंटर दाबले की पुढची स्लाइड तयार होते. कीबोर्डवरील टॅब ही कळ दाबली की तीच ओळ आधीच्या स्लाइडचा मुद्दा बनते. शिफ्टसह टॅब दाबले की पुन्हा शीर्षक होते. कागदावरील सर्व शीर्षके या पद्धतीने काही मिनिटांत आत येतात.

मराठीत लिहिणे

मराठी सादरीकरणांतील बहुतेक अडचणी येथे निर्माण होतात, म्हणून या भागाकडे सवडीने लक्ष द्यावे. मराठी मजकूर नेहमी युनिकोडमध्येच, म्हणजे सर्व संगणकांना सारख्याच कळणाऱ्या अक्षरसंकेतांत लिहावा. शिवाजी, कृतीदेव यांसारख्या जुन्या फॉन्टांत लिहिलेला मजकूर हा संगणकाच्या दृष्टीने रोमन अक्षरांचा असतो. फक्त त्या फॉन्टमुळे तो मराठी दिसतो. सभागृहातील संगणकावर तो फॉन्ट नसेल तर पडद्यावर अर्थहीन रोमन अक्षरे आणि चिन्हे उमटतात, आणि त्या क्षणी करण्यासारखे काहीही उरत नाही. जुन्या फाइलीतून मजकूर घ्यायचा असेल तर आधी त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्यावे आणि एकदा पूर्ण वाचावा, कारण रूपांतरात जोडाक्षरे तुटतात.

विंडोजमध्ये ‘सेटिंग्ज’मधील भाषेच्या विभागात जाऊन मराठी भाषा जोडली की कीबोर्ड उपलब्ध होतो, विंडोज आणि स्पेस या दोन कळा एकत्र दाबल्या की इंग्रजी आणि मराठी यांच्यात अदलाबदल करता येते. ज्यांना रोमन अक्षरांवरून टंकलेखनाची सवय आहे त्यांनी ‘फोनेटिक’ कीबोर्ड घ्यावा. ज्यांना पुढे नोकरीसाठी मराठी टंकलेखन लागणार आहे त्यांनी इनस्क्रिप्ट हा भारतीय लिपींसाठीचा प्रमाण कीबोर्ड शिकावा. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द आपल्याला पुन्हा पुन्हा लागेल आणि नेमका तोच चुकीचा उमटतो: साधा ‘र’ घेतला तर ‘शेतकर्यांना’ असे उच्चार बदलणारे रूप येते. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्टसह जे दाबून ‘ऱ’, डी दाबून हलन्त आणि मग ‘य’ असा क्रम घ्यावा. टंकलेखन अजिबात येत नसेल तर मोबाइलवरच्या मराठी कीबोर्डवर लिहून किंवा बोलून मजकूर तयार करावा, स्वतःला ईमेल करावा आणि संगणकावर चिकटवावा. चिकटवताना ‘कीप टेक्स्ट ओन्ली’ हा पर्याय निवडला म्हणजे मोबाइलमधील रंग-आकार सोबत येत नाहीत.

फॉन्ट निवडताना नक्षीदार अक्षरांचा मोह टाळावा. विंडोजमधील निर्मला यूआय हा फॉन्ट पडद्यावर स्वच्छ वाचता येतो. गुगल स्लाइड्स वापरणाऱ्यांना मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी हे फॉन्ट चांगले. आपण वेगळा फॉन्ट घेतला असेल तर ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘सेव्ह’ या मार्गाने जाऊन ‘एम्बेड फॉन्ट्स इन द फाइल’ या पर्यायावर खूण करावी, म्हणजे परवानगी असलेले फॉन्ट फाइलबरोबर जातात.

ओळींमधील अंतराकडे विशेष लक्ष द्यावे. देवनागरीत वेलांटी, मात्रा आणि अनुस्वार वर जातात, तर उकार खाली येतात. सॉफ्टवेअरचे तयार साचे रोमन अक्षरे डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले असल्यामुळे वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला जाऊन भिडतो. ‘होम’ टॅबमधील ‘लाइन स्पेसिंग’ १.२ च्या आसपास ठेवले की ही गर्दी सुटते. इम्प्रेस वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: त्यातील ‘कॅरेक्टर’ या चौकटीत पाश्चात्त्य लिपी आणि सीटीएल लिपी (यात देवनागरी येते) यांचे फॉन्ट वेगवेगळे असतात. मराठीचा आकार बदलत नाही असे वाटले, तर बहुधा आपण रोमन अक्षरांचा आकार बदलत असतो.

रंग आणि आकार एकाच ठिकाणी ठरवणे

प्रत्येक स्लाइडवर फॉन्ट, आकार आणि रंग स्वतंत्रपणे बदलत बसू नये. ‘व्ह्यू’मधून ‘स्लाइड मास्टर’ उघडावा आणि डाव्या यादीतील सर्वांत वरची, मोठी स्लाइड निवडावी. तेथे शीर्षकाचा आकार ३६ ते ४० पॉइंट, मजकुराचा किमान २४ पॉइंट, हवा तो फॉन्ट आणि ओळींमधील अंतर एकदा ठरवून ‘क्लोज मास्टर व्ह्यू’ दाबावे. राखीव चौकोनांत लिहिलेल्या सगळ्या स्लाइड एकदम बदलतात. टेक्स्ट बॉक्स का टाळावेत, हे येथे प्रत्यक्ष दिसते.

रंग निवडताना आपले सभागृह आठवावे. खान्देशातील उन्हाळ्यात दुपारच्या सभेला खिडक्या-दारे उघडी ठेवावीच लागतात आणि प्रकाश पडद्यावर येतो. प्रोजेक्टर काळा रंग पाडू शकत नाही. काळी जागा म्हणजे फक्त प्रकाश न पडलेला पांढरा पडदा असतो आणि उजेडात तो राखाडी दिसतो. त्यामुळे गडद पार्श्वभूमीवरील फिकट अक्षरे अशा जागी विरून जातात. पांढऱ्या किंवा अगदी फिकट पार्श्वभूमीवर काळी किंवा गडद निळी अक्षरे ठेवावीत आणि जोर देण्यासाठी आणखी एखादाच रंग वापरावा. पिवळी अक्षरे संगणकावर कितीही छान दिसली तरी घेऊ नयेत.

परिच्छेदाची स्लाइड कशी होते

समजा, आपल्या टिपणात असे लिहिले आहे: ‘केळीची लागवड पाच फूट बाय पाच फूट अंतरावर केल्यास एकरात साधारण १,७४० झाडे बसतात आणि प्रत्येक ओळीला ठिबकाची एक नळी टाकल्यास एकरी सुमारे २,६५५ मीटर नळी लागते, तेच ओळींमधील अंतर सहा फूट आणि झाडांमधील अंतर पाच फूट ठेवल्यास सुमारे १,४५० झाडे बसतात आणि नळी सुमारे २,२१३ मीटर लागते.’ हा परिच्छेद जसाच्या तसा स्लाइडवर चिकटवला तर लोक तो वाचत बसतात आणि बोलणाऱ्याकडे कोणाचेच लक्ष राहत नाही.

त्याऐवजी शीर्षकात निष्कर्ष लिहावा: ‘ओळींत एक फूट वाढवला की एकरी ४४२ मीटर नळी वाचते’. खाली ‘इन्सर्ट’मधील ‘टेबल’ घेऊन तीन स्तंभ आणि तीन ओळींचा लहान तक्ता करावा: अंतर, एकरी झाडे, एकरी नळी. झाडे कमी झाल्याने उत्पन्नावर काय परिणाम होईल, हा प्रश्न कोणीतरी विचारणारच. त्याचे उत्तर स्लाइडवर न लिहिता खालच्या ‘नोट्स’च्या जागेत लिहून ठेवावे. नोट्स प्रेक्षकांना दिसत नाहीत, त्यामुळे त्या जागी प्रमाण भाषेचा आग्रह धरण्याची गरज नाही. साक्री-शिंदखेड्याकडे बोलायचे असेल तर ‘आमना गावमा’ अशी अहिराणीतच सुरुवात लिहून ठेवावी. बोलताना ती अधिक मोकळेपणाने येते.

हीच माहिती आलेखात दाखवायची असेल तर ‘इन्सर्ट’, ‘चार्ट’, ‘कॉलम’ असे जावे. एक्सेलसारखी छोटी चौकट उघडते. त्यातील नमुन्याचे आकडे पुसून आपले भरावेत. येथे एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. उभ्या अक्षाची सुरुवात काही वेळा सॉफ्टवेअर शून्याऐवजी मधूनच करते. वरील दोन आकड्यांसाठी अक्ष २,००० पासून सुरू झाला तर एक स्तंभ २१३ इतका आणि दुसरा ६५५ इतका उंच दिसेल, म्हणजे पाहणाऱ्याला नळी तिप्पट लागते असे वाटेल. प्रत्यक्षात फरक पाचव्या हिश्श्याचा आहे. अक्षावर उजवी कळ दाबून ‘फॉरमॅट ॲक्सिस’ उघडावे आणि ‘मिनिमम’ शून्य करावे. सभेतले शेतकरी पैसे गुंतवण्याचा निर्णय या स्तंभांकडे पाहून घेणार असतात, म्हणून हा बारकावा मी सर्वांत महत्त्वाचा मानतो.

छायाचित्रे

शक्य असेल तेथे आपल्याच शिवारातील छायाचित्रे घ्यावीत. मोबाइलमधून ती संगणकावर आणताना व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवू नयेत, कारण तेथे त्यांचा दर्जा कमी होतो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावीत किंवा केबलने उतरवावीत. चित्राचा आकार बदलताना नेहमी कोपऱ्यातील ठिपका धरून ओढावे. बाजूचा ठिपका ओढला की केळीचा घड पसरट दिसतो आणि माणसे रुंद होतात. नको असलेला भाग ‘क्रॉप’ने कापावा. वीस-पंचवीस फोटो झाले की फाइल जड होते. अशा वेळी चित्र निवडून ‘पिक्चर फॉरमॅट’मधील ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’ घ्यावे आणि १५० पीपीआय, म्हणजे दर इंचाला १५० पिक्सेल (चित्राचे ठिपके), निवडावे. रुंद स्लाइडची लांबी १३.३३ इंच असल्यामुळे पूर्ण स्लाइडभर चित्रालाही त्यात सुमारे दोन हजार पिक्सेल मिळतात आणि सभागृहातील प्रोजेक्टरला तेवढे भरपूर होतात.

हालचालींविषयी थोडक्यात सांगायचे तर, ‘ॲनिमेशन्स’मधील ‘अपिअर’ एवढा एकच प्रकार शिकावा आणि तोही मुद्दे एकामागून एक उलगडायचे असतील तेथेच वापरावा.

शेवटच्या रांगेची परीक्षा

स्लाइड वाचता येते की नाही हे टेबलाशी बसून कळत नाही. सभागृहातील पडदा सहा फूट रुंद असेल आणि शेवटची रांग छत्तीस फुटांवर असेल, तर ते अंतर पडद्याच्या रुंदीच्या सहापट झाले. आपल्या लॅपटॉपचा पडदा चौदा इंच रुंद असेल तर त्याच्या सहापट म्हणजे चौऱ्याऐंशी इंच, अर्थात सात फूट दूर उभे राहून प्रत्येक स्लाइड पाहावी. तेथून जे वाचता येत नाही ते शेवटच्या रांगेलाही वाचता येणार नाही. अशा वेळी अक्षर मोठे करण्यासाठी जागा हवी असेल तर मजकूर कमी करावा किंवा एका स्लाइडच्या दोन कराव्यात.

त्यानंतर घरातील कोणाला तरी समोर बसवून, घड्याळ लावून, पूर्ण मोठ्याने बोलून सराव करावा. मनातल्या मनात केलेल्या सरावात वेळेचा अंदाज हमखास चुकतो.

सभेच्या दिवशी

फाइल पेन ड्राइव्हवर घ्यावी, स्वतःच्या ईमेलवर पाठवावी आणि ‘सेव्ह ॲज’मधून तिची पीडीएफ प्रतही करावी. पीडीएफमध्ये हालचाली राहत नाहीत, पण अक्षरे आणि मांडणी कोणत्याही संगणकावर, अगदी मोबाइलवरही, जशीच्या तशी दिसतात. सभागृहात एचडीएमआय केबल आहे की जुनी व्हीजीए हे आधी विचारून लागणारा जोड सोबत ठेवावा. लॅपटॉप पूर्ण चार्ज करून न्यावा, कारण वीज गेली आणि प्रोजेक्टर बंद पडला तरी नोट्स पाहून बोलणे चालू ठेवता येते. मोबाइल आणि ईमेलच्या सूचना बंद कराव्यात.

केबल जोडल्यावर विंडोज आणि पी या कळा एकत्र दाबाव्यात. ‘डुप्लिकेट’ निवडले तर लॅपटॉपवर आणि पडद्यावर एकच दृश्य दिसते. ‘एक्स्टेंड’ निवडले तर पडद्यावर स्लाइड आणि आपल्यासमोर नोट्स, पुढची स्लाइड व घड्याळ असे वेगळे दृश्य मिळते. एफ-५ दाबल्याने सादरीकरण पहिल्या स्लाइडपासून आणि शिफ्टसह एफ-५ दाबल्याने चालू स्लाइडपासून सुरू होते. पुढे जाण्यासाठी स्पेस किंवा उजवा बाण, मागे येण्यासाठी डावा बाण वापरावा.

चर्चा सुरू झाली की बी ही कळ दाबावी; पडदा काळा होतो आणि लोक बोलणाऱ्याकडे पाहू लागतात. तीच कळ पुन्हा दाबली की स्लाइड परत येते. या वेळी कीबोर्ड इंग्रजीवर असावा, अन्यथा ही कळ काम करेलच असे नाही. कोणी ‘ताई, तो नळीचा तक्ता परत दाखवा’ असे म्हटले, तर सर्व स्लाइड मागे फिरवत बसू नये: तो तक्ता सहाव्या स्लाइडवर असेल तर ६ आणि मग एंटर दाबावे. यासाठी स्लाइडच्या क्रमांकांची यादी एका चिठ्ठीवर लिहून लॅपटॉपशेजारी ठेवावी, आणि सभा संपल्यावर ज्यांना हवी असेल त्यांना पीडीएफ प्रत मोबाइलवर पाठवावी.